पत्र्याचं ठिगळ

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणावरून)



आज मी तुमच्याशी जुन्या मोटारींबद्दल बोलणार आहे. थांबा, लगेच रेडिओ बंद करू नका! इंजिनाबद्दल मी काही सांगणार नाही, त्यातलं मला फारसं कळतही नाही. मी बोलणार आहे मोटारीच्या अंगावरच्या पत्र्याबद्दल, आणि तो गंजला म्हणजे त्याला लावतात त्या ठिगळाबद्दल. ठिगळ म्हटलं की विषय आपलाच झाला.

माझं लहानपण कुर्ल्यात गेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका गॅरेजात पत्र्याचं काम करायचे. आई घरी ब्लाउज शिवायची. घरात एकच वर्तमानपत्र यायचं, पण महिनाअखेर रद्दीत घालायला त्यातलं फारसं काही उरायचं नाही. निम्मं आई घ्यायची कटोरी ब्लाउजचे कागद कापायला, निम्मं अण्णा न्यायचे मडगार्डाचे कागद कापायला. दोघांची त्यावरून भांडणंसुद्धा व्हायची. मला तेव्हा वाटायचं, हे दोघं एकच काम करतात, फक्त आईचं कापड मऊ आहे. आज इतक्या वर्षांनी सांगते, माझं ते वाटणं फारसं चूक नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ. मोटारीची पहिली लांब सफर केली ती एका बाईने, हे तुम्हाला माहीत आहे का? १८८८ साली जर्मनीत बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या तीन चाकी मोटारीतून माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरहून थोडं अधिक अंतर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. साखळी सैल झाली तेव्हा लोहाराची मदत घेतली आणि ब्रेक झिजला तेव्हा चांभाराकडून त्याला चामडं लावून घेतलं. म्हणजे मोटारीचं पहिलं गॅरेज म्हणजे लोहाराचं आणि चांभाराचं दुकान! मोटार ही वस्तू नवी होती, पण तिची दुरुस्ती करणारे हात जुनेच होते.

पत्र्याचंही तसंच झालं. सुरुवातीला मोटारीचं इंजिन एक जण बनवायचा आणि तिचं शरीर, म्हणजे बॉडी, दुसराच कोणी. बॉडी बनवणारे बहुतेक मूळचे घोडागाडी बनवणारे कारागीर. रोल्स-रॉइससारखी कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिऱ्हाइकाला इंजिन आणि चासी द्यायची. मग गिऱ्हाइकाने ती आपल्या पसंतीच्या बॉडीवाल्याकडे न्यायची आणि हवी तशी बॉडी शिवून घ्यायची, अगदी आपण कापड घेऊन शिंप्याकडे जातो तशी. आपल्याकडचे संस्थानिक हेच करत. राजकोटच्या महाराजांची 'स्टार ऑफ इंडिया' म्हणून प्रसिद्ध असलेली भगव्या रंगाची रोल्स-रॉइस १९३४ सालची, तिची बॉडी लंडनच्या थ्रप अँड मेबर्ली या कारागिरांनी बांधली.

या बॉडीच्या आत लाकडाचा सांगाडा असायचा. ॲश नावाचं एक लवचीक लाकूड त्यासाठी वापरत. त्या सांगाड्यावर लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून, वळवून, खिळवून बसवायचा. त्यामुळे एकाच कारखान्यातल्या दोन गाड्यांची मडगार्डंसुद्धा हुबेहूब सारखी नसत. डाव्या बाजूचं मडगार्ड एका कारागिराने ठोकलेलं, उजव्या बाजूचं दुसऱ्याने. अण्णा म्हणायचे, जुन्या मोठ्या गाडीची एक बाजू मापली म्हणून दुसरी कळली असं समजू नये, दोन्ही बाजू वेगवेगळ्या मापाव्यात. आई लगेच म्हणायची, बाईचंही तसंच असतं.

मग या धंद्यात एक मोठा बदल झाला. अमेरिकेत फिलाडेल्फियात एडवर्ड बड नावाच्या गृहस्थाने १९१२ साली कंपनी काढली आणि लाकडाशिवाय, सगळी पोलादाची बॉडी बनवायला सुरुवात केली. प्रचंड मोठ्या दाबयंत्रात वर एक साचा, खाली एक साचा आणि मध्ये पत्रा. एक दाब दिला की दरवाजा तयार. डॉज बंधूंनी अशा बॉड्या घेतल्या, पुढे १९२४ साली फ्रान्सच्या सित्रोएनने हीच रीत उचलली. हळूहळू सगळ्या जगाने उचलली. हजार दरवाजे हवे असतील तर हजारही सारखेच निघू लागले आणि गाडी स्वस्त झाली. कारखान्यातल्या हातोडीवाल्याची गरज मात्र कमी होत गेली.

पण साचा हा कारखान्याच्या मालकीचा असतो, गाडी मात्र तुमच्या दारात असते. त्या गाडीचं उत्पादन थांबलं की साचे भंगारात जातात. मग तीस वर्षांनी त्या दरवाजाची खालची कड गंजून गळाली तर तो तुकडा आणायचा कुठून? तो पुन्हा हातानेच बनवावा लागतो. साच्याने ज्याचं काम काढून घेतलं, साच्याचं आयुष्य संपलं की त्याच हातोडीवाल्याला शोधत यावं लागतं.

आपल्या देशात तर त्याचा शोध कधी थांबलाच नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. त्यानंतर वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. पुढे तिथेच फियाटची ती छोटी चौकोनी गाडी बनू लागली, जिला आपण सगळे 'पद्मिनी' म्हणून ओळखतो, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी. त्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. बाहेरून गाडी आणि सुटे भाग मागवणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे गाडी मोडली म्हणून टाकून द्यायची पद्धतच नव्हती. टॅक्सीला ठोकर लागली की पत्रा सरळ करायचा, गंजली की तेवढा भाग कापून नवा जोडायचा. शहरात रस्त्यारस्त्याला जे डेंटिंगवाले बसले, त्यांची शाळा ही अशी टंचाईची. कोणी त्यांना आकृत्या काढून दिल्या नाहीत. उस्तादाच्या शेजारी बसून, आधी हातोडी देणारा पोऱ्या, मग पत्रा धरणारा आणि मग ठोकणारा, असे ते तयार झाले.

आणि ठोकण्याची कला आपल्याला काही नवी होती असं नाही. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आठवा. पेशवाईत कोकणातून येऊन स्थिरावलेले हे तांबट तांब्याचे हंडे, घागरी, बंब ठोकून घडवत. भांड्यावर त्या चमकणाऱ्या ठोक्यांची नक्षी असते ना, त्याला मठारकाम म्हणतात. ती नुसती शोभा नाही. ठोके बसतात तसा धातू कडक होत जातो, भांडं मजबूत होतं. मोटारीच्या पत्र्याचा नियम हाच. ठोकाल तसा तो कडक होतो, आणि फार ठोकलात तर चिरतो. फरक एवढाच की तांबटाचा ठोका दिसला तर ती कला, आणि डेंटिंगवाल्याचा ठोका दिसला तर तो दोष!

आता ठिगळ कसं लावतात ते सांगते. मी हे काम केलेलं नाही, पण शाळा सुटल्यावर डबा घेऊन गेले की तासन्‌तास बघत बसायची.

समजा, मडगार्डाची खालची कड गंजली आहे. पहिलं काम म्हणजे गंजाची हद्द शोधणं. रंग वरून चांगला दिसतो, पण आत किती खाल्लं आहे ते रंग खरवडल्याशिवाय कळत नाही. अण्णा हातोडीच्या टोकाने हलके ठोके देत जायचे. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत, गंजलेल्याचा बद्द. माठ घेताना आपण वाजवून बघतो तसंच. जिथे आवाज खणखणीत झाला त्याच्या थोडं पुढे खूण करायची आणि तिथून कापायचं. कमी कापलं तर गंज आतून पुढे सरकतो. जास्त कापलं तर जुना, मूळचा चांगला पत्रा विनाकारण जातो. कुठे कापायचं हे ठरवायला अण्णा सगळ्यात जास्त वेळ घ्यायचे.

मग कागद. वर्तमानपत्राचा कागद मडगार्डावर ठेवून दाबायचा. सपाट भागावर तो नीट बसतो. गोलाईवर त्याच्या कडेला चुण्या पडतात. या चुण्यांचा अर्थ असा की इथे पत्र्याची कड आकसवावी लागणार, नाहीतर मधला भाग ताणून फुगवावा लागणार. जिथे कागद टरकन फाटतो तिथे पत्रा ताणावा लागणार. आई कटोरीला टक्स कुठे घ्यायचे ते असंच ठरवायची. कापडाला टक घेऊन शिवून टाकता येतो. पत्र्यालाही कडेला तशीच चुणी घालतात, आणि मग ती चुणी ठोकून ठोकून पत्र्यातच जिरवतात. पत्रा तिथे किंचित जाड होतो आणि कड आत ओढली जाते. हे बघताना मला जादू वाटायची. चुणी गेली कुठे?

ताणण्याचं काम खोलगट जागेवर होतं. अण्णांकडे बाभळीचा एक ओंडका होता, त्याला वरून वाटीसारखा खळगा केलेला. त्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ठोकायचं. काही ठिकाणी ओंडक्याऐवजी वाळू भरलेली चामड्याची पिशवी घेतात. इटलीत मोडेनाकडे फेरारीच्या जुन्या गाड्यांच्या बॉड्या सर्जिओ स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात अशाच वाळूच्या पिशव्यांवर ठोकून झाल्या. आज त्या गाड्यांना कोट्यवधींचं मोल आहे. पिशवी मात्र वाळूचीच!

एवढं झालं की पत्रा गोल होतो, पण अक्रोडासारखा खडबडीत. मग त्याला गुळगुळीत करायचं. मागून लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून सपाट तोंडाची हातोडी हलकी हलकी चालवायची. ठोका थेट ठोकळ्यावर पडला तर पत्रा ताणला जातो. ठोकळ्याच्या जरा बाजूला पडला तर उंचवटा खाली बसतो आणि खळगा वर येतो. दोन ठोक्यांमधला हा फरक कळायला वर्षं लागतात. मोठ्या कारखान्यांत यासाठी इंग्लिश व्हील नावाचं यंत्र असतं. वर मोठं सपाट चाक, खाली लहान फुगीर चाक, आणि दोन्हींच्या मधून पत्रा मागेपुढे फिरवायचा, पोळी लाटल्यासारखा. पोळी मधे लाटली की मधे पातळ होते आणि पसरते. पत्राही तसाच पसरतो आणि फुगतो.

ॲल्युमिनियमची गंमत आणखी वेगळी. ते ठोकून कडक झालं की तापवून मऊ करावं लागतं. पण लोखंडासारखं ते तापल्यावर लाल होत नाही. साधारण ६६० अंशांना एकदम वितळतं, खूण न देता. मग कळायचं कसं? त्यावर साबणाची वडी घासायची आणि मग ज्योत फिरवायची. साबण काळपट तपकिरी झाला की थांबायचं. अण्णा आईची कपड्याची वडी न विचारता न्यायचे, त्यावरूनही वाद व्हायचा.

शेवटी जोड. ठिगळ जुन्या पत्र्यावर चढवून जोडणं सोपं, पण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी साचतं आणि तिथूनच गंज पुन्हा सुरू होतो. म्हणून चांगला मिस्त्री कडेला कड भिडवून जोडतो. वेल्डिंग एका दमात करत नाहीत. आधी दूरदूर टाके घालायचे, एक इथे, एक पार त्या टोकाला, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटेसारखा वाकतो. कच्चा धावदोरा घालावा तसं हे. मग मधली जागा थोडी थोडी भरायची आणि जोड गरम असतानाच ठोकून बसवायचा. सगळं झालं की अण्णा हातात जुना सुती रुमाल घेऊन पत्र्यावरून तळवा फिरवायचे. उघड्या हाताला जो उंचवटा कळत नाही तो कापडातून कळतो, असं ते सांगायचे. मी करून बघितलं आहे, खरंच कळतो.

आता एक गोष्ट सांगते जी अण्णांना आयुष्यभर लागली. एका गिऱ्हाइकाच्या घरी लग्न होतं आणि वरातीसाठी त्याला जुनी गाडी आठवड्यात चकचकीत हवी होती. गाडीच्या खालच्या कडेचा, दाराखालचा पत्रा जाळीसारखा झाला होता. ठिगळाला वेळ नव्हता. त्या माणसाने घाई केली आणि अण्णांनी ऐकलं. गंज खरवडून वर लांबी, म्हणजे पुट्टी भरली, घासली, रंग मारला. वरात झोकात निघाली. पावसाळ्यानंतर त्याने चाक बदलायला गाडी जॅकवर उचलली आणि ती कड खाली चेपली. दरवाजा लागेना. नशीब, गाडी उभी होती, रस्त्यावर धावत नव्हती.

यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. फार जुन्या गाड्यांचा भार जाड चासी उचलते, वरचा पत्रा म्हणजे अंगरखा. पण पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या आपल्या बऱ्याच गाड्यांना, पद्मिनी असो की ॲम्बॅसेडर, वेगळी चासी नाही. त्यांचा पत्राच त्यांची हाडं. तिथला गंज झाकणं म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावणं. अण्णांनी ती गाडी परत आणली, दोन आठवडे बिनपैशाने काम केलं आणि दोन्ही बाजूंना खरं ठिगळ घातलं. त्यानंतर कोणी घाई केली की ते म्हणायचे, "लांबी डोळ्यासाठी, ठिगळ जिवासाठी."

मैत्रिणींनो, हे काम पुरुषांचंच असं आपण धरून चालतो. इतिहास तसं सांगत नाही. १९४० च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचा स्पिटफायर विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. तेव्हा ते काम आजूबाजूच्या गावांत विखुरलं गेलं, मोटार गॅरेजांत, बस डेपोंत, अगदी धुलाईच्या कारखान्यातसुद्धा. आणि तिथे पत्र्याला रिव्हेट मारून विमानाचे भाग जोडणाऱ्यांत मोठी संख्या बायकांची आणि तरुण मुलींची होती. त्यातल्या अनेकींनी त्याआधी हातात कधी हत्यार धरलं नव्हतं. लढाई संपली आणि बहुतेकींना घरी पाठवलं गेलं. हात शिकलेले होते, जागा मात्र पुन्हा पुरुषांच्या झाल्या. मला स्वतःला अण्णांनी हातोडी दिली नाही. मागितलीही मी एकदाच. "पोरीचं काम नाही," म्हणाले. त्यांचा राग नाही, पण खंत आहे.

या कामाची किंमत काय, तेही सांगायला हवं. रोज आठ-दहा तास पत्र्यावर हातोडी. पन्नाशीत अण्णांना ऐकू येईनासं झालं. घरात आम्ही सगळे ओरडून बोलायचो आणि शेजाऱ्यांना वाटायचं रोज भांडण. हा रेडिओ ते कानाला लावून ऐकायचे, तरी निम्मं निसटायचं. पुट्टी यायच्या आधी खड्डे शिशाने भरत, आणि शिशाची धूळ तर विषच. कानात बोळे घालणं, नाकाला फडकं बांधणं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. गिऱ्हाइकाच्या बिलावर गॅरेजचं नाव असायचं, मिस्त्रीचं कधीच नसायचं.

आज काळ बदलला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. दुसरीकडे, २०२१ च्या जुलैत सरकारने नियम केला की पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळेल. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले नसावेत, ही त्यातली अट. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने २०१२ साली स्वीकारलेली ट्युरिनची सनदही तेच सांगते. जमेल तेवढं जुनं राखा, लागेल तेवढंच बदला आणि काय बदललं त्याची नोंद ठेवा. अण्णांनी ही सनद कधी वाचली नाही. पण कापलेला प्रत्येक तुकडा ते काम संपेपर्यंत जपून ठेवायचे, गिऱ्हाइकाला दाखवायला. एवढं गेलं, बाकी तुमचं जुनंच आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात, तालुक्याच्या स्टँडमागे, कोणी म्हातारा पत्र्याचा मिस्त्री, तांबट, लोहार अजून काम करत असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा. त्याचं नाव, गाव, उस्ताद कोण, हत्यारं कुठली, हे लिहून घ्या आणि आपल्या केंद्रावर पाठवा. जमलं तर त्यालाच घेऊन या, आम्ही त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करू. आणि एखादी मुलगी त्याच्याकडे शिकायचं म्हणत असेल तर तिला अडवू नका. फक्त आधी कानात घालायला बोळे द्या.

अण्णांचा ओंडका माझ्याकडे आहे. खळग्यात अजून ठोक्यांच्या खुणा दिसतात. सध्या त्यावर माझं शिलाईयंत्र ठेवलेलं नाही, कारण तो डगमगतो! पण कागद कापायला बसले की मी तो शेजारी ओढून घेते.